साखरपुड्यानंतरचं घर

माझी लेक आणि तिचा होणारा नवरा नवी मुंबईत, घणसोलीला एकत्र राहतात. साखरपुडा एप्रिलमध्ये झाला, लग्न डिसेंबरात आहे. नातेवाइकांत कुजबुज चालू आहे, काहींनी फोनवर आडून आडून विचारलं, म्हणून म्हटलं सगळ्यांना एकदमच सांगावं. दोन्ही घरांना हे माहीत आहे, आमच्या संमतीनं चाललं आहे आणि मला ते मनापासून पटतं. का पटतं ते सविस्तर लिहिते. वेळ असेल तर वाचा.

आधी साधं व्यवहाराचं. लेक ऐरोलीला नोकरीला, तो महाप्याला. आम्ही ठाण्यात, कासारवडवलीला राहतो. संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तो बदलापूरचा. लोकलनं ठाण्याला उतरायचं, प्लॅटफॉर्म बदलून पुन्हा ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, असं रोजचं. लग्नानंतर दोघं नवी मुंबईतच राहणार हे आधीपासून ठरलेलं होतं. मे महिन्यात परवडेल असं घर मिळालं, रेल्वे स्टेशनपासून चालत. मुहूर्त मात्र आषाढीपासून चातुर्मास म्हणून नाही, पुढे तुळशीचं लग्न लागल्यावर आणि तेही हॉल मिळेल तेव्हा. मग सात महिने घर कुलूप लावून ठेवायचं आणि भाडं भरायचं का? ते दोघं म्हणाले, आम्ही राहतो. आम्ही दोघी आयांनी एकमेकींना फोन केला, बोललो, आणि हो म्हटलं.

पण नुसतं प्रवासाचं कारण पुढे करून मी बाजूला होणार नाही. उद्या दोघांची ऑफिसं घराशेजारी असती तरी मी हेच म्हटलं असतं. लग्न ठरल्यापासून लग्न लागेपर्यंतचा काळ आपण हॉल, बस्ता, पत्रिका, केळवणं, मेकअपवाली आणि ते प्री-वेडिंग शूट यांत घालवतो. त्या दोघांनी एकमेकांसोबत घर चालवून बघायला हाच काळ सगळ्यात चांगला आहे, कारण अजून सगळं मोकळेपणानं बोलता येतं. एकदा मंगलाष्टकं झाली की मुलीनं पैशाबद्दल विचारलं तरी 'आल्या आल्या हिशोब मागते' होतं.

पैशाचंच घ्या. मी बँकेतून निवृत्त झाले. काउंटरवर बसून एक गोष्ट फार जवळून बघितली. नवरा गेल्यावर पासबुकांची पिशवी घेऊन येणाऱ्या बायका. कुठली एफडी कुठे आहे, नॉमिनी कोण, कर्ज किती, यातलं काहीच माहीत नसलेल्या. चांगल्या शिकलेल्या, काही तर नोकरी करणाऱ्यासुद्धा. त्यामुळे या दोघांनी घर घेतलं तेव्हा मी एकच अट घातली होती, पहिल्या महिन्यात दोघांनी आपापले सगळे आकडे एका कागदावर लिहायचे. लिहिले. त्याच्यावर शैक्षणिक कर्ज अजून शिल्लक आहे आणि तो दर महिन्याला बदलापूरला पैसे पाठवतो. लेक धाकट्या भावाच्या फीचा अर्धा वाटा उचलते, क्रेडिट कार्डावर तिचं जरा जास्तच चाललेलं होतं. हे साखरपुड्याआधीच्या गाठीभेटींत निघालं नव्हतं. निघणार कसं? तलावपाळीला आईस्क्रीम खाताना कुणी कर्जाचा हप्ता सांगत नाही. आता भाडं, वीज, किराणा यांचा खर्च पगाराच्या प्रमाणात वाटून घेतात. त्याचा पगार जास्त म्हणून त्याचा वाटा जास्त. आईवडिलांना जाणारे पैसे दोघांचेही आधी बाजूला काढतात, त्यावर वाद घालायचा नाही असं ठरलंय. मला यातलं हे शेवटचं फार आवडलं. कित्येक संसारांत 'तुझ्या घरच्यांना' आणि 'माझ्या घरच्यांना' यावरून जन्मभर धुसफूस चाललेली मी पाहिली आहे.

मग स्वयंपाक. सुरुवातीला रोज संध्याकाळी त्याचा प्रश्न यायचा, 'आज जेवायला काय?' त्याच्या मनात काही नव्हतं, बदलापूरच्या घरी हा प्रश्न आईला विचारायची सवय. लेकीनं भांडण केलं नाही. तीही घरात शिरल्या शिरल्या तोच प्रश्न त्याला विचारायला लागली. आठवडाभरात त्याच्या लक्षात आलं की हा प्रश्न म्हणजे काम आहे. काय आणायचं, काय संपलंय, फ्रिजमधली मेथी उद्यापर्यंत टिकेल का, हे सगळं कुणीतरी डोक्यात धरून फिरत असतं. आता एक आठवडा तो ठरवतो, एक आठवडा ती. पोळ्या बाहेरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात, भाजी-आमटी घरी होते. त्याची आमटी आता चांगली होते, मी खाल्ली आहे. विहीणबाईंचा मला फोन आला होता, 'ताई, माझ्या पोरानं आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही हो. तिला सांगा, लाड करू नको त्याचे.' अशी विहीण मिळाली याचा मला आनंद आहे.

इथे एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगितली आणि सगळ्या मुलींच्या आईवडिलांना सांगेन. एकत्र राहणं म्हणजे मुलीची सून म्हणून परीक्षा होता कामा नये. 'होणाऱ्या सुनेच्या हातचं खाऊ या' म्हणून दर रविवारी कुणी ना कुणी उगवायला लागलं तर त्या घरात दोघांचं काहीच उरत नाही, मुलीला मात्र लग्नाआधीच सासुरवास सुरू होतो. आमच्याकडचे असोत की त्यांच्याकडचे, जाण्याआधी फोन करायचा, आणि दोघांपैकी एकानं जरी 'आज नको' म्हटलं तर जायचं नाही. मी स्वतः हे पाळते. घर बघायची उत्सुकता मलाही असते, पण ते घर त्यांचं आहे.

आता जरा कठीण भागाकडे येते, कारण एकत्र राहणाऱ्या मुलांना याची कल्पना नसते आणि त्यांना ती कुणी देतही नाही.

ऑगस्टमध्ये लेकीला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, रात्रीच दाखल करावं लागलं. तिला रिक्षात घालून त्यानंच नेलं, पैसे त्यानंच भरले. अर्जावर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्यानं 'होणारा नवरा' लिहिलं, तर काउंटरवरून सांगण्यात आलं, घरच्यांना बोलवा. आम्ही कासारवडवलीहून पोचेपर्यंत तो तिथेच उभा होता. चार महिने एका घरात राहून, तिला कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे हे तोंडपाठ असलेला माणूस, आणि सहीला त्याची किंमत नाही. त्यानंतर दोघांनी ऑफिसात तातडीच्या संपर्कासाठी एकमेकांचे नंबर दिले, दोघांकडे दोन्ही आईवडिलांचे नंबर आणि पॉलिसीची कागदपत्रं आहेत. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये नवरा-बायको धरतात, साखरपुडा झालेले धरत नाहीत, म्हणून दोघांनी स्वतःची वेगळी पॉलिसी चालू ठेवली आहे.

कायद्याच्या लेखी साखरपुड्याला वजन नाही. सज्ञान मुलगा-मुलगी लग्नाशिवाय एकत्र राहिले तर तो गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. पण वारसाहक्क नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या वारसांत नवरा-बायको आहेत, वाग्दत्त वधू-वर नाहीत. बँकेच्या खात्याला नॉमिनी कुणालाही नेमता येतं, तेवढं करता येईल. पण नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीनं, मालकी वारसांचीच राहते. म्हणून मोठ्या वस्तू कुणाच्या पैशानं आल्या त्याची बिलं ज्याच्या त्याच्या नावावर ठेवा. फ्रिज तिच्या नावावर आहे, वॉशिंग मशीन त्याच्या. यात अविश्वास काहीही नाही.

आणि भाडेकरार दोघांच्या नावावर. यावर मी हटून बसले होते. एजंट म्हणाला, 'काकू, एकाच्या नावावर केला तर लवकर होतो.' झाला असता. पण नाव फक्त मुलाचं असेल तर उद्या काही बिनसल्यावर मुलीनं बॅग भरायची का? लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे हाच भाडेकरार, लेखी आणि नोंदणी केलेला हवा असं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच सांगतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, सगळं ऑनलाइन होतं. दुसरं नाव घालायला वेगळा खर्च येत नाही.

शेजारच्या एका काकांनी सुचवलं, 'आत्ता गुपचूप रजिस्टर करून टाका, सर्टिफिकेट मिळालं की तोंडं बंद. लग्न डिसेंबरात थाटात करा.' सल्ला प्रेमानं दिलेला होता, पण चुकीचा आहे. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं सर्टिफिकेट घेतलं तर ते लग्न ठरत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हे सांगितलं आहे. रजिस्टर लग्नच करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. त्या दिवशी होतं ते खरं लग्न, मग डिसेंबरातला तो नुसता समारंभ. ज्यांना तसं हवं त्यांनी जरूर करावं. नवी मुंबईतल्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं की घणसोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, पनवेल रायगडात. आमच्या दोघांना सप्तपदी घालायची आहे, नोंदणी त्यानंतर.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न, 'आणि मोडलं तर?' मोडलं तर दुःख होईल. माझी लेक रडेल, मीही रडेन. पण डिसेंबरनंतर मोडण्यापेक्षा ते आधी मोडलेलं बरं, हे म्हणायला मला जड जात नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर घटस्फोटाचा अर्जसुद्धा सहसा करता येत नाही. परस्परसंमतीनं घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते, ती माफ करून घ्यायची तर पुन्हा कोर्टाला विनंती. या सगळ्यात मुलीची उमेदीची वर्षं जातात. 'पण मुलीचं नाव जातं ना' म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे, मुलाचं का जात नाही? दोघं एकाच घरात, एकाच करारावर सही करून राहिले. नाव घालवायचं की नाही हे तर शेवटी आपणच ठरवणार, तुम्ही आणि मी, हळदीकुंकवाला बसून.

प्रत्येक जोडप्यानं असंच करावं असं मी म्हणत नाही. कुणाला नको असेल, कुणाची श्रद्धा वेगळी असेल, कुणाच्या घरी परिस्थिती वेगळी असेल. ज्या मुलीला मनातून नको आहे तिला 'हल्ली सगळे राहतात' म्हणून ओढलं तर तेही वाईटच. पण दोघांनाही हवं असेल आणि घरचे फक्त लोकांच्या भीतीनं अडवत असतील, तर त्या घरच्यांनी माझ्याशी बोलावं. मी येईन बोलायला.

आता सोसायट्यांबद्दल, कारण या सगळ्यात जास्त मनस्ताप तिथे झाला. घणसोलीचं घर मिळेपर्यंत कितीतरी ठिकाणी घर पसंत, मालक तयार, आणि कमिटीनं अडवलं. एका ठिकाणी लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं, दुसरीकडे पत्रिका. तिसऱ्या ठिकाणी माझ्या लेकीला तोंडावर विचारलं, 'घरच्यांना माहीत आहे का?' सत्तावीस वर्षांची इंजिनिअर मुलगी आहे. ती घरी येऊन काही बोलली नाही, जेवली आणि झोपली. मला त्याचा राग आजही आहे. सभासदानं घर भाड्यानं देताना सोसायटीला कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. सोसायटीला माहिती हवी ती एवढी. भाडेकरू एकमेकांचे कोण, हे जिन्यात उभं राहून विचारायचा अधिकार कुणी दिला?

आमच्याही सोसायटीत हेच चालतं. म्हणून मी वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी सेक्रेटरींकडे लेखी विषय दिला आहे. ठरावाचा मजकूर असा: भाडेकरूंकडून नोंदणीकृत करार, ओळखपत्रं आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत याव्यतिरिक्त वैवाहिक स्थितीबद्दल कोणताही कागद किंवा खुलासा मागू नये. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून तळमजल्यावरच्या आजींनी सही केली आहे, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ज्यांना आपल्या सोसायटीत हाच ठराव मांडायचा आहे त्यांनी मजकूर खुशाल उचलावा, माझं नाव घालायची गरज नाही.