योगायोग खरा, पण मधली वर्षं कुठे गेली?

पोस्ट-इटवरच्या, म्हणजे चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांवरच्या लेखातलं 'पोस्ट-इट म्हणजे निव्वळ नशीब, ठरवून असं काही घडत नाही' हे वाक्य अजिबात पटलं नाही. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना तो हलका चिकटणारा गोंद १९६८ मध्ये अचानक सापडला, हे मान्य. पण तिथलेच सहकारी आर्ट फ्राय यांना पुस्तकातल्या खुणेसाठी त्याचा उपयोग सुचला १९७४ मध्ये, आणि अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० साली. मधल्या काळात सिल्व्हर कंपनीतल्याच लोकांना गोंद दाखवत राहिले, आणि १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा तिथे होती. लेखात नेमकं हेच गाळलंय.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूवर रंगाची पावडर फवारून ती भट्टीत भाजण्याचं काम बघतो. एकदा रंग बदलताना फवारणीच्या गनमध्ये आधीची काळी पावडर राहिली आणि राखाडी पॅनलवर बारीक ठिपके उमटले. लॉट रिजेक्ट झाला. तोच पीस गेटं बनवणाऱ्या एका गिऱ्हाईकाने पाहिला आणि 'मला अस्संच पाहिजे' म्हणून बसला. तसं पुन्हा जमलं ते आमच्या ऑपरेटरमुळे. त्याने पत्र्याच्या तुकड्यांवर ट्रायल मारल्या, प्रत्येकाच्या मागे मार्करने प्रमाण लिहिलं. शेठनेही आधी ओरडण्याऐवजी पीस उन्हात नेऊन बघितला. याआधी जिथे होतो तिथे रिजेक्शन दिसलं की पगार कापायचे, त्यामुळे असा माल थेट भंगारात लपवला जायचा. तिथे काय काय वाया गेलं असेल, याचं आजही वाईट वाटतं.