निपल खाली, हवा वर

ब्रेक ब्लीड करणं म्हणजे पाइपातली हवा काढणं, बस एवढंच काम. पण आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यात ते अंगणात सुरू केलं की आधी माणसं जमा होतात, हवा मागाहून निघते. निघाली तर.

गाडी माझी ९८ची मारुती ८००, पुढे डिस्क, मागे ड्रम. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारे भाग, काढून रबर किट टाकून परत बसवले आणि तेव्हापासून पेडल पार खाली जायला लागलं, भराभर पंप मारले की वर यायचं, पाय काढून जरा थांबलं की पुन्हा नरम. शेजारचे काका म्हणाले, "मास्टर सिलिंडर गेला तुवा." काकांकडे ट्रॅक्टर आहे, त्यामुळे त्यांचं मत गावात फायनल असते. आता मास्टर, म्हणजे पेडलनं तेल ढकलणारा पंप, आतून लीक असता तर पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकलं असतं, हे तर पंप मारल्यावर जिथल्या तिथं थांबत होतं, म्हणजे हवाच. पण ऐकते कोण!

पेडलवर आधी भाच्याला बसवलं. "दाब... धर..." म्हणून मी कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायची बारकी तोटी, ढिला करायचा, तेल पिचकन यायचं, आणि मी कसायच्या आत या पोट्ट्यानं पाय उचललेला, म्हणजे काढलेली हवा पुन्हा आत. "काहून सोडलं बे?" तर म्हणे, "मामा, फोन वाजला नं." मग बायको बसली. तिनं धरलं ते धरलंच, वरून मलाच, "टाइट करा लवकर, तिकडे भाजी करपून राह्यली."

निपलला मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी लावली होती, त्यातून बुडबुडे दिसतात. एकही दिसेना, आणि पेडल तसंच. काकांनी कोठ्यातला अर्धा उघडा डबा देऊ केला. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते हो, नवं डॉट ३ प्रतीचं तेल कमीत कमी २०५ अंशाला उकळते, ओल शिरली की १४० पर्यंत उतरू शकते, म्हणून सीलबंदच आणलं होतं. तेच बोनेटवर सांडलं आणि तिथला रंग उठला, ते वेगळंच.

मागच्या ड्रमला आतून घासणारे शू सैल असले तरी पेडल खाली जाते, म्हणून तेही टाइट केले. फरक शून्य. शेवटी कॅलिपरकडे तेल नेणाऱ्या पुढच्या दोन्ही रबरी होजना फडकं गुंडाळून हलक्या हातानं व्हाइसग्रिप, म्हणजे लॉक होणारे पकड, लावून तेल अडवलं, तर पेडल एकदम टणक! म्हणजे घोळ पुढेच. चाक काढलं. कधीचे उकिडवे बसून तंबाखू मळत असलेले आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले, "काय रे बापू, हवा वर जाते का खाली?"

"वर."

"मंग तोटी खाली काहून हाय?"

राजेहो, उजवा कॅलिपर डावीकडे, डावा उजवीकडे! निपल तळाला आणि हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसलेली, तिथून तेल कितीही काढा, ती कायले निघते? अदलाबदल केली, तांब्याचे वॉशर नवे टाकले, बायकोला पुन्हा बसवलं. नळीतून आधी नुसता फेस, मग स्वच्छ तेल, आणि पेडल वरच्या वर.

मग मिस्त्रीला फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यानं आणि म्हणाला, "पण भाऊ, दोन्हीकडे एकएक कॅलिपर होता का नाही?"