सात पात्रं, 31 पायऱ्या आणि आमच्या आजीचा कावळा

चार दिवस झाले, आमच्या बेळगावच्या तीन-तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय: 'रशियाच्या प्रॉपनं सिद्ध केलंय, जगातल्या प्रत्येक गोष्टीत तीच सात माणसं आणि 31 पायऱ्या, हिरो निघतो, व्हिलनला लोळवतो, राजकन्येशी लग्न, संपलं. आजीच्या गोष्टीपण तशाच.' खाली नुसते अंगठे. जरा थांबा की ओ.

'जगातल्या प्रत्येक' कुठनं आलं? व्लादिमीर प्रॉप हा लोककथांचा अभ्यासक, त्याचं पुस्तक 1928चं, त्यात त्यानं तपासल्या अफानास्येवनं गोळा केलेल्या लोककथांतल्या 100 रशियन जादूच्या गोष्टी. बस्स. सगळ्या 31 पायऱ्या, म्हणजे गोष्टीत घडणारे टप्पे, एका गोष्टीत याव्यात असंही तो म्हणत नाही, ज्या येतात त्या ठरलेल्या क्रमानं येतात एवढंच.

आणि 'सात माणसं' तर पार उलटं, ती कामं आहेत. खलनायक, जादूची वस्तू देणारा, मदतनीस, राजकन्या (तिचा बाप धरून एकच), नायकाला धाडणारा, नायक, तोतया नायक. एकजण दोन कामं करतो, एक काम तिघांत वाटलं जातं, हे प्रॉपनंच लिहिलंय. आता आपली भोपळ्यातली म्हातारी बघा, वाघाला 'लेकीकडं जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग खा' म्हणून थाप मारणारी तीच नायक, भोपळा देणारी लेक, टुणूक टुणूक करणारा भोपळा मदतनीस. राजकन्या कुठाय सांगा.

'लग्न झालं, संपलं' हे तर आपल्या भागात म्हणणं म्हणजे कमालच. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन 1950च्या दशकात इथं बेळगावातच शिकवायला होते, कन्नड लोककथा गोळा करायचे. बायकांभोवतीच्या गोष्टीत लग्न शेवटी नसतं, सुरुवातीला असतं, खरी साडेसाती तिथनं पुढं, हे त्यांनी दाखवलं. त्यांनीच गोळा केलेल्या गोष्टीतली फुलांचं झाड होणारी पोरगी बघा, राजपुत्राशी लग्न होतं आणि मग नणंद हट्टानं तिला झाड व्हायला लावते, पोरी फांद्या ओरबाडतात, ती अर्धी-मोडकी गटारीत पडते. यात हिरोनं कुणाला लोळवलं?

राहता राहिला आजीचा कावळा. शेणाचं घर वाहून गेलं, मेणाच्या घराचं दार वाजवतोय, आणि चिमणी 'थांब, बाळाला तीट लावते'. यातलं व्हिलन कोण म्हणून मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "पाऊस."

पाऊस सातात बसतो का, फॉरवर्डवाल्यांनी बघावं.