लॅपटॉपची खातेफोड

गावात सध्या बातमी अशी आहे, की गुरुजींनी लॅपटॉपची खातेफोड केली आणि तेव्हापासून त्यांच्या घरचं इंटरनेट बिथरलं. परवा पानठेल्यावर, ज्याच्याकडून मी सातचा पाढा रडतखडत पाठ करून घेतला त्या पोट्ट्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "सर, धाकल्याले हिस्सा कमी देल्ला म्हनते तुमी?" लोक हसले. मी सुटे पैसे न घेताच निघालो. बातमी कुठून फुटली ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या माणसाचं वय सत्तरीच्या पुढं आहे, म्हणून तोंड आवरावं लागतं, इतकंच.

मूळ प्रकरण साधं होतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा सातव्या पिढीचा. बॅटरी केव्हाची मेली, पण वायर लावून ठेवली तर लॅपटॉप ठणठणीत चालतो. चालती वस्तू भंगारात घालायची आमच्या घरात रीत नाही. म्हटलं, विंडोज राहू द्यावं प्रिंटरपुरतं आणि बाजूला लिनक्स मिंट टाकावं, ही विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी सिस्टीम. मिंटची फाइल पावणेतीन जीबीच्या वर, मोबाइलचा रोजचा कोटा दीड जीबी. म्हणजे अर्धी फाइल रात्री बाराच्या आत आणि उरलेली बारा वाजून गेल्यावर. तीही मच्छरांच्या संगतीत झाली.

रविवारी सकाळी बसलो आणि शेजारचे आबाजी आले. त्यांना सातबारा काढून हवा होता. "उलशीक थांबा," म्हटलं. ही चूक कुणाकडूनही होते. आबाजी थांबले ते खुर्ची ओढून, थेट माझ्या खांद्यामागं. खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली आणि टेबलाच्या कडेवर घोटायला घेतली. खर्रा नीट घोटायचा तर वेळ लागतो, आणि त्यांच्या दर घोटीला टेबल हलायचं, टेबलासोबत माउस.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये हार्डडिस्कची आडवी पट्टी दिसते, तुकडे पाडलेली. आबाजींचा धाकट्या भावाशी धुऱ्यावरून वाद चालू आहे, तारखा पडताहेत. ती पट्टी पाहताच त्यांचा हात थांबला.

"गुर्जी, हे काय होय?"

"डिस्क आहे आबाजी. थोडी जागा काढून दुसऱ्या सिस्टीमला द्यायची आहे."

"म्हंजे वाटनी." ते पुढं सरकले. "एकूण किती हाये?"

"एक टीबी. म्हणजे हजार जीबी."

"अन हे ९३१ काहून लिवलं?"

कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, असं मी सांगू लागलो. त्यांनी हातानंच मला थांबवलं. "पोटखराबा असंन."

नंतर बोट गेलं शंभर एमबीच्या चिमुकल्या तुकड्यावर. हा कोणाचा? सांगितलं, तो ईएफआयचा, दोघांचा सामाईक. कोणतीही सिस्टीम सुरू होते ती तिथूनच. आबाजींनी मान हलवली. "भांडन तिथंच होनार. आमची इहीर सामाईक ठेवली होती आमच्या बापानं."

मी 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबलं. डिस्क अर्धीच्या वर रिकामी असून विंडोज जेमतेम चतकोर सोडायला तयार. कारण काही फाइल जागच्या हलवता येत नाहीत, आणि त्या नेमक्या मधोमध बसलेल्या असतात. हे मला इंटरनेटवर बरंच वाचल्यावर कळलं होतं. आबाजी पट्टीकडं पाहून म्हणाले, "मोठा सोडून नाही रायला. त्यानं मधातच घर बांधलं असंन."

आता यावर काय बोलणार? अशा फाइल ठेवणाऱ्या विंडोजच्या दोन सोयी, हायबरनेशन आणि पेजफाइल, मी बंद केल्या, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठं विंडोजनं आणखी जागा सोडली. आबाजी समाधानी नव्हतेच.

"मोजनी केली का?"

"इथं आकडा टाकला की झालं."

"म्हंजे धुरा बोटानंच सरकवता तुमी! मायाच भावानं असाच सरकवला. दरसाल नांगरताना एक तास इकडं. आज पाहाल तर माया बांधावरची बोर त्याच्या वावरात उभी हाये." आवाज चढला होता. "अन तुकडेबंदीत बसते का हे?"

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, तो जमिनीला लागतो, लॅपटॉपला नाही, हे मला एका सुशिक्षित माणसाच्या शांतपणे सांगावं लागलं. सांगताना मी आकड्यात एक शून्य जास्त टाकत होतो, ते त्यांनीच दाखवलं, ही गोष्ट पानठेल्यावर जरा वाढवून सांगितली गेली आहे.

मिंट बसलं. झटक्यात बसलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं त्यानंतर आहे. वायफाय दिसेना. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, सिस्टीमच्या गाभ्यातच, कर्नलमध्ये असतात. माझ्या वायफायच्या चिपचा नाही, तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. उतरवायचा तर इंटरनेट पाहिजे, इंटरनेट पाहिजे तर वायफाय. यावर जगभरातल्या जाणकारांचा सल्ला एकच: लॅनची वायर लावा, मिनिटाचं काम आहे. त्या जाणकारांना माझ्या गावात आणून विचारावं वाटतं, की बाबांनो, वायर लावतो, पण कशाला लावू? हापशीला? प्रत्येक सल्ला असा लिहिलेला, जणू भिंतीतून इंटरनेट वाहतं आणि माणूस नुसता आळसापायी ते घेत नाही. पीकविमा ऑनलाइन, ई-पीक पाहणी ऑनलाइन, केवायसी ऑनलाइन, आणि टॉवर पाहायचा तर शेजारच्या गावात. हे वाक्य विनोदाचं नाही, पण इथंच राहू द्या.

आमच्याकडची व्यवस्था अशी. मोबाइल स्लॅबच्या कठड्यावर पिशवीत ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि खाली खोलीत वायफायवर काम करायचं. वायफायच नसेल तर मोबाइल यूएसबीनं जोडता येतो, टेदरिंग म्हणतात, लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण वायर हातभर. म्हणजे लॅपटॉप स्लॅबवर न्यायचा. बॅटरी मेलेली, म्हणून खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्डही वर. एप्रिलचं ऊन, स्लॅबवर बायकोच्या कुरडया वाळत घातलेल्या, त्यांना पाय लागला तर काय होईल हे आधीच बजावलेलं. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून डोक्यावरून गोधडी घेतली. आबाजी सातबाऱ्यासाठी मागोमाग वर आलेच.

"हे फुकट कोन देते?" त्यांनी गोधडीबाहेरून विचारलं.

आतून सांगितलं, फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, १९९१ मध्ये सुरुवात केली, नुसता छंद म्हणून. आता जगभरातले लोक मिळून करतात.

"तवापासून फुकट वाटून रायला?" बाहेर थोडा वेळ शांतता. "वावर गेलं असंन त्याचं."

ड्रायव्हर आला, कंपाइल झाला. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी प्रोग्रामला अडवणारा पहारा, चालू असल्यामुळं एक पासवर्ड ठरवायला सांगितलं गेलं. तो पासवर्ड लॅपटॉप पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर द्यायचा. तो निळा पडदा दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात एखादी कळ दाबली तर ठीक, नाहीतर सिस्टीम मुकाट पुढं निघून जाते आणि ड्रायव्हर बसूनही बसत नाही. पडदा आला. बोट कळीवर. तेवढ्यात आबाजींनी गोधडी उचलली.

"लाइन गेली का, गुर्जी? निळं दिसून रायलं."

मी मान वर केली, "नाही आबाजी" एवढंच म्हणालो. सेकंद संपले.

दुसऱ्या खेपेला मी काहीही विचारलं गेलं तरी उत्तर दिलं नाही. आबाजींना ते लागलं. 'गुर्जी डोक्यावर गोधडी घेऊन बसते अन कोनाशी बोलत नाही' ही बातमी दुपारच्या जेवणाआधी पारावर पोचली होती.

वायफाय लागलं, आनंद आहे. सातबारा राहिला होता. माझ्या जुन्या प्रिंटरचा लिनक्ससाठी धड ड्रायव्हर नाही, म्हणून परत विंडोजमध्ये. खरे दहा वाजलेले आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात पहाटेचे साडेचार. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. आपल्याकडं फरक साडेपाच तासांचा. एका ओळीची कमांड दिली की मिटतं. आबाजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग स्क्रीन.

"आल्याआल्या मोठ्याचं घड्याळ पळवलं त्यानं. मी सांगतलंच होतं."

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांना मिळतो. ते मी भरले. कागद माझा, शाई माझी. प्रिंटर एकदा अडला, मग निघाला. आबाजींनी कागद उन्हाला धरून क्षेत्र वाचलं, पोटखराबा वाचला, चौकोनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, आणि पायरी उतरता उतरता म्हणाले, "सेतूवाला पैसे घेते गुर्जी, पन त्याच्याइथं लवकर होते."