गन मागायला येणाऱ्यांनो, आधी हे वाचा

परवा वरच्या मजल्यावरच्या साइटचा मिस्त्री आला. "दादा, तुमची एफ-३० जरा द्या ना, दोनच पट्ट्या मारायच्यात." एफ-३० म्हणजे हवेच्या दाबावर लाकडात बारीक पिना ठोकणारी माझी गन. माझी अक्कल त्या वेळी कुठे चरायला गेली होती देव जाणे. दिली.

संध्याकाळी गन परत आली ती फुस्स्स करतच. पाइप जोडला रे जोडला की मागच्या टोपीतून हवा चालू. ट्रिगरला बोटसुद्धा लावलेलं नाही! त्यातून ट्रिगर दाबला तर पिन अर्धी आत, अर्धी बाहेर. साडेसात फुटी टीव्ही युनिटच्या बीडिंगवर नऊ पिना अशा उभ्या राहिल्या. आता एकेक पंच मारून आत घाला, त्यावर लांबी (पुट्टी) भरा, मग पॉलिशवाल्याच्या शिव्या खा.

विचारलं, तेल टाकलं होतंस का? म्हणतो, "तेल कशाला, हवेवर तर चालते."

हवेवर चालते! अरे बाबा, आत पिस्टन आहे, त्याला रबराची ओ-रिंग आहे, ती सिलिंडरमध्ये दिवसभर वर-खाली घासते. सकाळी पाइप जोडायच्या आधी हवेच्या तोंडात एअर टूलचं तेल दोन-तीन थेंब टाकायचं. दोन थेंब! याहून जास्त तेल तर तू डोक्याला चोपडतोस.

पण थांबा, यानं काहीच टाकलं नाही असंही नाही. गन ढिली मारायला लागली तेव्हा साहेबांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला. चांगला भरभरून. त्यानं आतलं उरलंसुरलं तेल धुऊन निघालं. वरून रबराला असलं सॉल्व्हंट चालत नाही. चार ॲलन बोल्ट सोडून टोपी उघडली तर ओ-रिंग फुगून खाचेच्या बाहेर आलेली, आणि आत सगळीकडे पांढरा चिकट राप, ताकासारखा. तो कशाचा? पाण्याचा.

पाणी कुठून आलं? त्याच्या कंप्रेसरमधून. जुलै महिना, पुण्याची हवा आधीच ओलीचिंब. ती आठ बारला दाबून टाकीत कोंबली आणि गार झाली की आतलं पाणी सुटून तळाशी साचणारच. म्हणून टाकीच्या बुडाला ड्रेनची चावी दिलेली असते. रोज काम संपलं की ती उघडायची. मी मुद्दाम वर जाऊन त्याची उघडली, तर लालभडक गंजाचं पाणी लिटरभर तरी निघालं. हे सगळं माझ्या गनमधून फिरलंय!

आणि सगळ्यात भारी इलाज ऐका. पिन बसत नाही म्हणून यानं प्रेशर वाढवलं. १२० पीएसआय! ही १८ गेजच्या, म्हणजे बारीक पिनांची चिमुकली गन, ६० ते १०० मध्ये सुखानं चालते. सुकलेल्या गनला वर प्रेशर दिलं की पिस्टन खालच्या रबरी बंपरवर आपटतो. आपटला. बंपरचा कोपरा तुटून पिन ठोकणाऱ्या ब्लेडच्या वाटेत अडकला, मग ब्लेड वर यायचं नाव घेईना, मग दोन पिना एकदम घुसून जॅम. एका स्प्रेनं किती पराक्रम केले बघा.

ती जॅम यानं काढली कशी, हे त्याचा पोऱ्या सांगत होता तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. पाइप तसाच लावलेला, हवा चालू, आणि हा गनच्या नाकाच्या तोंडात स्क्रू-ड्रायव्हर घालून एक डोळा मिटून आत बघतोय! अरे, ट्रिगरला चुकून धक्का लागला असता तर? पिन काढायची तर आधी पाइप काढ, मग पिनांचं मॅगझीन मागे ओढ, मग बघ काय बघायचं ते. गनचं सोड, ती दुसरी मिळेल.

आज दुकानात गेलो. ओ-रिंग सुटी देत नाहीत, पूर्ण किट घ्या. बरं, द्या किट. तर किटमध्ये बंपरच नाही. "उद्या येईल." हा उद्या मी वीस वर्षं ऐकतोय.

तोवर काय? हातोडी काढली आणि उरलेल्या बीडिंगला चुका ठोकत बसलो. चुका त्याच्या, ठोकतोय मी. त्यातही सोसायटीचा नियम, दोन ते चार ठोकाठोक बंद. त्यामुळे जिन्यात बसून हे लिहितोय, साडेतीन झालेत.

आणि आत्ता बघतो तर त्याचाच मेसेज. "दादा, गन झाली का? एकच पट्टी राहिलीय."