हुकूमनामा मिळेल का हो, माझाच?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. ज्यांना दुसऱ्याचा वैताग वाचायचा नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

केंद्र सरकारच्या एका खात्याने मला पत्राने कळवलंय की, "घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची अलीकडे काढलेली प्रमाणित प्रत सादर करावी." अलीकडे काढलेली! अहो, घटस्फोट २००९ सालचा आहे. तो काय दूध आहे, नासायला? तेव्हा झाला तो झाला. आज नक्कल काढली म्हणून जास्त होणार आहे, की पंधरा वर्षांपूर्वीची दाखवली म्हणून कमी?

हा कागद कशाला हवाय तेही सांगते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते आधी गेले, निवृत्तिवेतन आईला सुरू झालं. आईनंतर ते घटस्फोटित मुलीला मिळू शकतं, पण घटस्फोट आईवडिलांपैकी एकजण तरी हयात असताना झालेला असला पाहिजे, असा तेव्हा नियम होता. माझं प्रकरण परस्पर संमतीचं, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. दोघांनी मिळून अर्ज केला, कायद्याने सांगितलं की सहा महिने थांबा, विचार करा. आम्ही थांबलो. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी थांबलो. त्या सहा महिन्यांत आई गेली. (२०१७ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही सहा महिन्यांची अट कोर्टाला माफ करता येते. फार छान. मला काय त्याचं!) त्याच २०१७ साली सरकारने नियम थोडा सैल केला. आईवडिलांच्या हयातीत कोर्टात अर्ज दाखल झालेला असेल, तर निकाल नंतर लागला तरी चालेल. म्हणजे सगळा प्रश्न एका तारखेचा. अर्ज कधी दाखल झाला? बस्स. आणि ती तारीख सरकारच्याच एका कपाटात आहे, ती सरकारच्याच दुसऱ्या टेबलावर न्यायची आहे, आणि मधला हमाल मी.

मी बडोद्यात राहते, दांडिया बाजारात. सासर गुजरातेतच, दुसऱ्या जिल्ह्यात. केस तिकडच्या दिवाणी कोर्टात चालली होती, कारण तेव्हा त्या गावात फॅमिली कोर्ट नव्हतं. आता आहे. आणि इथूनच तमाशा सुरू होतो. दिवाणी कोर्टाच्या नकल शाखेत गेलं की, "लग्नाच्या सगळ्या फायली फॅमिली कोर्टात गेल्या." फॅमिली कोर्टात गेलं की, "आमच्या आधीचं आहे, जुन्या कोर्टात बघा." दोन्हीकडे हेच वाक्य इतक्या शांतपणे सांगतात की क्षणभर आपल्यालाच वाटावं, आपण लग्न केलं होतं का नक्की? १९८४चा फॅमिली कोर्टाचा कायदा मी वाचला आहे, वाचावाच लागला. नवीन कोर्ट झालं की चालू असलेल्या केसेस तिकडे जातात. माझी केस कधीच निकाली निघालेली होती. ती कशाला जाईल? हे मी खिडकीवर सांगितलं तर आतला माणूस म्हणाला, "बेन, तमे वकील छो?" नाही हो, वकील नाही. वाचता येतं, एवढाच गुन्हा.

"मग वकील घेऊन या." का? स्वतःच्या केसची नक्कल मागायला पक्षकाराला वकील लागत नाही, अर्ज स्वतःच्या सहीने करता येतो. फॅमिली कोर्टात तर कायदाच म्हणतो की वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. केस लढवायला वकील हक्काने मिळणार नाही आणि झेरॉक्स मागायला मात्र वकील आणा!

मग केस नंबर. "नंबर वगर केवी रीते शोधुं?" (नंबराशिवाय कसं शोधू?) नंबर माझ्याकडे नाही, कारण हुकूमनाम्याची प्रत त्या वेळी वकिलांनी आपल्या फायलीत ठेवून घेतली आणि मला एक फिकट झेरॉक्स दिली, तिच्यावर नंबराच्या जागी शिक्क्याचा डाग. वकील आता हयात नाहीत, त्यांच्या ऑफिसच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. आणि ऐका, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कोर्टाने प्रत्येक पक्षकाराला त्याची एक प्रत मोफत द्यायची. प्रत्येक पक्षकाराला, म्हणजे त्यालाही आणि मलाही, वकिलांच्या कपाटाला नव्हे. हे कलम किती बायकांना माहीत आहे? मला सांगायला तेव्हा कोणीही तोंड उघडलं नाही.

ई-कोर्टाची साइट आहे म्हणे. आहे ना. जिल्हा निवडा, कोर्टाचा परिसर निवडा, पक्षकाराचं नाव टाका, वर्ष टाका, ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखा. आमचं आडनाव 'क्ष'चं. कोणी के-एस-एच लिहितं, कोणी सी-एच-एच, गुजरातेत पुष्कळदा नुसता एक्स ठोकतात. सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की संयुक्त अर्जात अर्जदार क्रमांक एक तो होता. मी क्रमांक दोन, आणि त्यातही सासरच्या आडनावाने. त्याचं नाव टाकलं, तरी काही नाही, कारण जुनी निकाली प्रकरणं सगळीच साइटवर चढलेली नाहीत. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर, म्हणजे केसचा ओळख नंबर, नव्या केसला मिळतो. माझ्या केसचा नंबर बासनात बांधलेल्या रजिस्टरात, आणि ते रजिस्टर काढणारे भाई रजेवर.

रजिस्टर अखेर निघालं. नोंद सापडली. वाटलं, सुटले. तर समोरचा माझं आधार कार्ड उलटसुलट करून म्हणतो, "या बाई वेगळ्या आहेत."

म्हणजे काय, तर घटस्फोटानंतर मी माहेरचं आडनाव लावलं. आधार, पॅन, बँक, सगळं त्या नावाने. फायलीत सासरचं नाव. तर मी पक्षकार नाही, मी तिऱ्हाईत! आणि तिऱ्हाईताला नक्कल हवी असेल तर गुजरात हायकोर्टाच्या नियमाप्रमाणे कारण देऊन प्रतिज्ञापत्र करावं लागतं. मी विचारलं, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला काय चालेल? उत्तर लिहून ठेवा, फ्रेम करून लावा: "घटस्फोटाचा हुकूमनामा."

मी हसले की रडले आठवत नाही. आवाज चढला एवढं खरं.

माहीतगार मंडळींचा सल्ला असतोच, "अगं, आरटीआय टाक ना!" टाकून बघा. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, आणि तोही गुजरात हायकोर्टाच्याच प्रकरणात, की कोर्टाच्या कागदांच्या नकला हायकोर्टाच्या नियमांनीच मागायच्या, माहिती अधिकाराने नाही. म्हणजे ती वाटही बंद. मला त्या निकालाचा तेवढा राग नाही. लोकांच्या लग्नाचे कागद कोणीही उठून मागावेत असं मलाही वाटत नाही. पण मग जिचं लग्न होतं तिला तरी द्या!

खाजगीपणाचं तर नावच काढू नका. हिंदू विवाह कायद्याचंच कलम २२ म्हणतं की अशा केसेस बंद दाराआड चालाव्यात, त्यातलं काही छापू नये. आणि प्रत्यक्षात? वऱ्हांड्यात पन्नास माणसं बसलेली, आणि आतून हाक येते, "छूटाछेडावाळां बेन क्यां गयां?" (घटस्फोटवाल्या बाई कुठे गेल्या?) सगळ्या माना माझ्याकडे. एका आजोबांनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला. जमिनीच्या नकलेला आलेल्या माणसाला कधी "भावाला फसवलेले भाई" म्हणून हाक मारलीत का?

आणि हे सगळं कुठल्या मुलखात? आम्ही बडोद्याचे लोक सयाजीरावांच्या नावाने छाती फुगवतो, आणि फुगवावीच. सगळ्या देशातल्या हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९५५ साली आला, बडोदे संस्थानात तो १९३१ साली होता. चोवीस वर्षं आधी! सुरसागर तलावाकाठी न्यायमंदिराची, म्हणजे जुन्या कोर्टाची, इमारत अजून उभी आहे, पाहुण्यांना आम्ही ती कौतुकाने दाखवतो. राजाने बाईला घटस्फोट द्यायचं धाडस तेव्हा केलं, आणि आता, एवढे संगणक दिमतीला असताना, तिला त्याची नक्कल देता येत नाही.

नावाचं कोडं कसं सुटलं? शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका (हो, आत्याने जपून ठेवली होती, देव तिचं भलं करो), आणि नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र की ती मी आणि ही मी एकच. मग अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, नकल फीची आगाऊ रक्कम. मग फाईल रेकॉर्ड रूममधून यायची वाट. माझ्या पोटात गोळा वेगळाच. १९१७चा एक कायदा आहे, त्याच्या आधाराने कोर्टं जुने कागद ठरावीक काळाने नष्ट करू शकतात. मूळ अर्जच नष्ट झाला असेल तर दाखल तारीख कुठून आणू?

तर निकालपत्राच्या पहिल्याच पानावर, अगदी वर, ओळीने छापलेलं होतं: दाखल तारीख, नोंदणी तारीख, निकालाची तारीख, आणि मध्ये किती वर्षं, महिने, दिवस गेले. सगळं. एका पानावर. कोणी खिडकीत बसलेल्याने पहिल्याच दिवशी म्हटलं असतं की बेन, पहिल्या पानाची नक्कल घ्या, तुमचं काम होईल, तर त्याचं काय गेलं असतं? पण नाही. सगळं निकालपत्र, हुकूमनामा, मूळ अर्ज, प्रत्येक पानाची फी.

निकाल गुजरातीत. आम्हा बडोदेकरांना त्यात काही अडत नाही, पण खात्याला भाषा कळत नाही, म्हणून इंग्रजी भाषांतर, भाषांतर खरं असल्याचं भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, पुन्हा नोटरी. नोटरी आता मला चहा विचारतो.

सगळा गठ्ठा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. दाखल तारीख पिवळ्या पेनने रंगवून. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीखही तशीच, म्हणजे साहेबांना वजाबाकी करायला त्रास नको.

उत्तर आलं. "सदर हुकूमनाम्याविरुद्ध अपील दाखल झाले नसल्याबाबत सक्षम न्यायालयाचा दाखला जोडावा."

दोघांनी मिळून मागितलेला घटस्फोट. दोघांच्या सह्या. अपील करणार कोण, कोणाविरुद्ध? मी माझ्याविरुद्ध? बरं, हिंदू विवाह कायद्याचं कलम २८ सांगतं की अपिलाची मुदत नव्वद दिवस. ते नव्वद दिवस २०१०च्या आत-बाहेरच संपले असतील, तेव्हा या पत्रावर सही करणारा साहेब बहुधा कॉलेजात असेल. आणि हा दाखला देणारं कोर्ट वेगळं, म्हणजे खिडकी वेगळी, अर्ज वेगळा, स्टॅम्प वेगळा, आणि नाव? नाव तेच, फायलीतलं एक आणि आधारवरचं एक. प्रतिज्ञापत्र परत करा.

मी फोन केला. शक्य तितक्या गोड आवाजात कलम २८ वाचून दाखवलं. पलीकडच्याने पूर्ण ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण हे जे तुम्ही वाचलंत ना, तेवढं कोर्टाच्या सही-शिक्क्याने मिळेल का?"