खुलासा : ‘५० टक्के स्वभाव रक्तातच असतो’ याचा अर्थ तसा नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : मुलाचा ५० टक्के स्वभाव जनुकांतून येतो, म्हणून निम्म्या बाबतीत संस्कारांचा काही उपयोग नाही. आकडा हवेतला नाही, अर्थ मात्र साफ चुकीचा लावलाय.

२०१५ साली जुळ्यांवरच्या ५० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्या गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. पण आनुवंशिकतेचा हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांपैकी किती वाटा जनुकांमुळे, एवढंच सांगतो; एकट्या मुलाबद्दल बोलत नाही. तुमच्या मुलीचा चिडकेपणा निम्मा आजोबांचा नि निम्मा शाळेचा, अशी वाटणी करताच येत नाही.

शिवाय आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार जनुकांतूनच येतो. उपचार झाले नाहीत तर बुद्धीची वाढ खुंटते. पण बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून तो लगेच ओळखला आणि फिनाइलॲलानिन (प्रथिनांतला एक घटक, जो या आजारात शरीराला नीट मोडता येत नाही) अगदी मोजूनमापून देणारा आहार सुरू केला, तर मूल इतरांसारखं शिकतं. जनुक तेच राहतं; बदलतो तो आहार, आणि तो आयुष्यभर सांभाळावा लागतो.

‘हा बापावरच गेलाय’ म्हणून हट्टी मुलाचा नाद सोडणाऱ्या घरांची मला खरंच काळजी वाटते. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.